भोजराजचं वाण

११ मार्च २०२५, मंगळवार

बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली ही डायरी दोन महिने दुकानात वजनकाट्याखाली टेकू म्हणून पडली होती. आज काढली, पुसली आणि लिहायला बसलो. काटा आता तिरका उभा आहे, पण विषयच तसा गंभीर आहे.

आज ग्रामपंचायतीत व्यसनमुक्तीचं शिबिर झालं. गावातला जुना कृषी केंद्रवाला म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची होती. गोंदियावरून आलेल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं मुद्द्याचं. त्या म्हणाल्या, दारूचं व्यसन लागण्याचा साधारण निम्मा धोका रक्तातून येतो. म्हणजे आजा, बाप, पोरगा. जसं धानाचं वाण, तसंच माणसाचं. (हे शेवटचं त्या नाही म्हणाल्या, मी जोडलं. वीस वर्षं बियाणं विकतो, एवढं मला कळतं.) उरलेला निम्मा धोका कशातून येतो तेही त्यांनी सांगितलं असणार, पण तेव्हा मला थुंकायला बाहेर जावं लागलं. परत आलो तोवर तंबाखूबद्दल काहीतरी सांगून झालं होतं. ते माझ्या कामाचं नव्हतं.

शेवटी म्हणाल्या, ज्यांच्या घराण्यात व्यसन आहे त्यांनी लपवू नये, लिहून ठेवावं. म्हणून ही डायरी.

१२ मार्च, बुधवार

डायरीच्या शेवटच्या पानावर वंशावळ काढली. पिणारा लाल पेनानं, न पिणारा हिरव्या पेनानं.

आजोबा लाल. मोहाची प्यायचे. वडील भोजराज टेंभरे लाल, दोनदा गिरवलं. एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, पोटात पाणी झालं होतं. माणूस वाईट नव्हता. प्यायल्यावर कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. अंगणात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ‘माह्या मनात आलं तं उद्याच सोडतो.’ बावीस वर्षं सांगितलं. तो उद्या काही आला नाही. या वाक्याची मला अजून चीड येते.

धाकटा भाऊ धर्मेंद्र लाल. दोन वर्षांपासून बंद केली म्हणतो. असं म्हटल्यानं बियाणं बदलतं का?

मी, उमेंद्र, वय बावन्न, हिरवा. आयुष्यात थेंब घेतला नाही. लिहिताना ऊर भरून आला, म्हणून टिंकूच्या ठेल्यावरून एक खर्रा आणला. सुपारी, तंबाखू आणि चुना टिंकू पन्नीत असा घोटून देतो की तोंडात टाकल्याबरोबर डोकं चालायला लागतं.

माझी पोरगी आचल हिरवी. पण रक्त तेच आहे, त्याचीच काळजी.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. धर्मेंद्रचे डोळे लाल दिसले. तो म्हणाला, गुलाल गेला. मी त्याला गोठ्यामागे नेऊन वास घेतला. बिचारा तोंड उघडून उभा राहिला. ‘सुंग दादा, पाह्यजे तेवढं सुंग,’ म्हणाला. वास कांद्याचा आला. पण माझ्या तोंडात खर्रा होता, त्यामुळे नाकानं नीट काम केलं असेल याची खात्री नाही.

बायको प्रेमिला हल्ली भाजीत तिखट फार टाकते. तोंडाची आग होते. ती म्हणते, लग्न झाल्यापासून तेवढंच टाकते. माझी माय जमुनाबाई त्याच भाजीवर वरून हिरवी मिरची खाते. म्हातारपणी जिभेची चव जाते म्हणतात ते खरं असावं.

२३ मार्च, रविवार

आचलसाठी स्थळ आलं. ती गोंदियाला दवाखान्यात नर्स आहे, तिच्या मैत्रिणीच्या आईनं सुचवलं. मुलगा हेमेंद्र बिसेन, दातांचा डॉक्टर, गोंदियाला स्वतःचा दवाखाना. वडील हिरालालजी रिटायर मास्तर, घर नागऱ्याला. याआधी आलेल्या चार स्थळांना आचलनं फोटो पाहून नाही म्हटलं होतं. या वेळी फोटो न पाहताच ‘पाहू, तुम्ही म्हणता तं’ म्हणाली. पोरगी समजदार झाली.

आता एकच भीती. मास्तर माणूस घराण्याची चौकशी करणार. त्यांना माझ्या बापाचं कळलं, धर्मेंद्रचं कळलं, तर संपलं. मीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगतोच की, बियाणं घेताना आधी कुठल्या शेतातलं ते विचारा.

१३ एप्रिल, रविवार

पाहुणे येऊन गेले. सगळं सविस्तर लिहितो.

धर्मेंद्रला सकाळीच शेतावर पाठवलं. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं आहे म्हटलं. तो म्हणाला, पाणी कालच दिलं. मी म्हटलं, आजही दे. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग डबा घेऊन गेला. त्याचा तो चेहरा काही बरा वाटला नाही.

मुलगा उत्तम. नम्र, उंच आणि मनकवडा. प्रेमिला चहात साखर टाकत होती, तर हा बसल्या जागेवरून म्हणाला, ‘मामीजी, त्यांच्या कपात नका टाकू, त्या बिनसाखरेचा घेतात.’ मुलीला पहिल्यांदा पाहतो आणि एवढं ओळखतो. डॉक्टर लोकांची नजरच वेगळी.

एक खोड मात्र दिसली. बोलताना तो माझ्या डोळ्यांत पाहत नव्हता, तोंडाकडे पाहत होता. प्रेमिलानं लाडू केले होते. मी माझा लाडू कुस्करून, चिमटीचिमटीनं खाल्ला. हल्ली लाडू मोठेच वळतात. आचलनं त्या मुलाकडे पाहिलं, त्यानं हळूच मान हलवली. पसंती झाली असं मी समजलो.

मग हिरालालजींनी विचारलंच, ‘घरान्यात काही शौकपानी?’ मी म्हटलं, कोणालाच नाही. वडील कशानं गेले, तर म्हटलं पोटाच्या दुखण्यानं. माय बाजूलाच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

पाहुणे गेल्यावर म्हणाली, ‘उमेंद्र, तुहा बाप दारू पे, पन लपवून नाई पेला.’ मी ठेल्यावर गेलो. दोन खर्रे लागले तेव्हा कुठे बरं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

धर्मेंद्र दर रविवारी तीनला तिरोड्याला जातो. विचारलं तर ‘काम आहे’ म्हणतो. आज मी मोपेडवर बियाण्याची रिकामी पिशवी बांधून, धंद्यानं निघाल्यासारखा त्याच्या मागे गेलो. अड्डा सापडला असता तर सोयरीक होईपर्यंत त्याला मामाच्या गावी पाठवायचं पक्कं केलं होतं.

तो एका शाळेच्या व्हरांड्यात शिरला. दहाबारा माणसं सतरंजीवर बसलेली, मधे चहाची किटली. मी खांबाआडून किटलीतला माल कोणता याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं पाहिलं आणि या, बसा केलं. ती दारू सोडलेल्यांची बैठक निघाली. आणि किटलीत चहाच होता, तोही पाणचट.

तिथे रीत अशी की नव्या माणसानं उठून नाव सांगायचं आणि आपल्याला काय लागलेलं आहे तेही सांगायचं. माझ्या तोंडात ताजी पुडी. थुंकायला जागा नाही. मी हनुवटी वर करून, वाशांकडे पाहत सांगितलं, ‘मी उमेंग. मले कायी व्यगन नाई.’ एक थेंब सदऱ्यावर पडला. मग तो म्हातारा हसला आणि त्याच्यामागे सगळी सतरंजी हसली. निर्व्यसनी माणूस पाहून त्यांना आनंद झाला असावा.

धर्मेंद्र हसला नाही, खाली पाहत राहिला. त्यानं उठून सांगितलं की दोन वर्षं, एक महिना झाला. आणि म्हणाला, ‘दादा अजून वास घेते माहा. घेऊ दे. मी घरात असतानी त्यायले झोप येते, हे पुष्कळ झालं.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हनुवटी वर असल्यामुळे ते कानाकडे गेलं.

घरी येऊन वंशावळीत धर्मेंद्रचं नाव हिरवं केलं. हिरव्या पेन्सिलनं. पेन नंतर पाहू.

२ मे, शुक्रवार

आज एक एजंट आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. मागच्या वर्षीचं न उगवलेलं धान नव्या चकचकीत पिशवीत भरून आणलेलं. वर नवं नाव, नवं चित्र, हसणारी बाई. म्हणतो, कोणाला कळते. मी एक दाणा दाताखाली फोडला आणि ओळखलं. त्याला दुकानाबाहेर काढलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, ‘पिशवी बदलली म्हनून वान नाई बदलत.’ लोकांनी वाहवा केली. आज मला स्वतःचा फार आदर वाटला. खुशीत चार खर्रे झाले.

प्रेमिला कुरकुरली. मी म्हटलं, हे काय व्यसन आहे? माझ्या मनात आलं तर उद्याच सोडीन.

४ मे, रविवार

नागऱ्याला गेलो होतो. आज पसंती पक्की करून साखरपुड्याचा दिवस काढायचा होता. आधी देवळात महादेवाचं दर्शन झालं, मग त्यांच्या घरी बैठक. सगळं गोड चाललं होतं. हिरालालजी पेढा घेऊन उठले. व्याह्यानं व्याह्याला आपल्या हातानं अख्खा पेढा भरवायचा, ही पद्धत.

पेढा आत जाईना. मी तोंड उघडलं, होतं तेवढं उघडलं. हिरालालजींनी आधी सरळ लावला, मग आडवा, मग थोडा दाबला. पेढा माझ्या मिशांवर, सदऱ्यावर, त्यांच्या बोटांवर झाला, आत काही गेला नाही. पाहुण्यांत कोणी म्हणालं, बापाचा जीव पोरीत अडकला आहे, गळा भरून आला. मी ते लगेच उचलून धरलं आणि डोळे पुसले. पण हेमेंद्र उठला, मला बाजूला नेलं आणि म्हणाला, ‘मामाजी, उद्या सकाळी दवाखान्यात या. सोयरीक बाजूला ठेवा. माह्यासाठी या.’

साखरपुड्याचा दिवस निघाला नाही. सोयरीक तुटली की काय, असं प्रेमिला वाटभर विचारत होती. मला बापाचं बिंग फुटलं असंच वाटलं.

५ मे, सोमवार

दवाखान्यात आचल आधीच बसलेली. नर्सच्या कपड्यात, डोळे सुजलेले. मला खुर्चीत आडवं करून हेमेंद्र म्हणाला, तोंड उघडा आणि आपली तीन बोटं उभी आत घाला. सोपं वाटलं. दीड बोट गेलं. दुसरं बोट अर्ध्यावर अडलं आणि मी डॉक्टरसमोर, पोरीसमोर, छताकडे पाहत तसाच पडून राहिलो.

त्यानं आरशात दाखवलं. गालाच्या आत पांढरे, दोरखंडासारखे पट्टे. सुपारीनं गाल आतून आखडत जातो. तिखट लागतं ते त्यामुळेच, प्रेमिलाचा दोष नाही. आजच कॅन्सर नाही, पण वाट तिकडेच जाते. गेलेलं सगळं परत येणार नाही. खर्रा बंद केला तर आहे तेवढं वाचेल आणि व्यायामानं थोडं वाढेल.

मी म्हटलं, पण डॉक्टर, मी तर दारूला शिवलोसुद्धा नाही, आमच्या घराण्यात मी एकटा हिरवा आहे. तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, रक्तात दारू नावाचा कोणी एकच एक मुकादम बसलेला नसतो. शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात, एकेकीचा वाटा चिमूटभर. त्यातल्या बऱ्याच दारूला आणि तंबाखूला सारख्याच. कोणाला काय सापडतं ते घर, गाव आणि चौक ठरवतो. तुमच्या वडिलांच्या वाटेत मोहाची भट्टी होती, तुमच्या वाटेत टिंकूचा ठेला.

म्हणजे शिबिरात मी थुंकायला गेलो तेव्हा हेच सांगून झालं होतं.

परवाचा तो एजंट आठवला. नवी पिशवी, वर हसणारी बाई, आत जुनंच धान.

आचल म्हणाली, ‘बाबा, मी चार स्थळं फोटोवर नाई नाकारली. तुमच्या तोंडाकडे पाहून माही झोप उडून गेली होती, लग्न कुठून सुचते. घरी सांगून पाहिलं, तुम्ही आयकत नव्हते. एक महिना पुडी नाई, मगच साखरपुडा. नाई तं नाई.’ एवढं मोठं बोलून ती रडली. हेमेंद्रनं तिला न विचारता तिच्याच पर्समधून रुमाल काढून दिला. तेव्हा कुठे मला त्या बिनसाखरेच्या चहाचा उलगडा झाला.

६ मे, मंगळवार

सोडला. खिशातल्या तीन पुड्या गोठ्याच्या उकिरड्यात फेकल्या. बावीस वर्षांची गोष्ट एका झटक्यात संपवली. मनात आणलं की होतं.

६ मे, संध्याकाळ

तीन गिऱ्हाइकांशी भांडलो. बडीशेप खाल्ली, लवंग खाल्ली, धानाचे दाणे चावले. उकिरड्याकडे दोनदा सहज फेरी मारली.

८ मे, गुरुवार

गाईंना कधी नव्हे तो प्रेमानं चारा टाकायला गेलो असताना उकिरड्यात एक पन्नी वरच दिसली. बंद होती, आतला माल स्वच्छ होता. एवढं लिहितो, पुढचं लिहवत नाही.

बाहेर आलो तर धर्मेंद्र दारात. म्हणाला, तोंड उघड दादा. मी म्हटलं, माझ्या मनात आलं तर उद्याच... आणि तिथेच जीभ थांबली. मागे अंगणात माय तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. ‘काऊन थांबला?’ म्हणाली. ‘पुरं कर ना. बावीस वर्स आयकलं हे, मले तोंडपाठ हाय.’

मी अंगणात बसून रडलो. बाप जिथे बसायचा, जवळपास तिथेच. धर्मेंद्र शेजारी बसला. वास त्यानं घेतला नाही.

उद्यापासून दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

१८ मे, रविवार

दहा दिवस. हेमेंद्रनं आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दिल्या आहेत. दातांमधे गठ्ठा धरायचा, आणि जमेल तशी दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दुकानात बसून करतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘काकाजी, नवीन बियानं काय?’ मला उत्तर देता येत नाही. त्यामुळे भांडणं कमी झाली.

आज नागऱ्याला जाऊन हिरालालजींना सगळं सांगितलं. माझा बाप दारूनं गेला, आजा प्यायचा, भाऊ प्यायचा आणि आता सोडून बसला आहे, पाहुणे आले त्या दिवशी मी त्याला शेतात लपवलं होतं. वंशावळीचं पानच समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पेपर तपासल्यासारखं तपासलं. मग म्हणाले, ‘अन् आमच्या घरी का गंगाजल पेत होते? माहे दोन काका यातच गेले. म्हनून तं इचारलं होतं. इचारताना मलेच लाज वाटून राहिली होती.’

पान परत देताना माझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे हिरवं काऊन? मी लाल पेन काढून त्यावरून गिरवलं. हिरव्यावर लाल चढून रंग तपकिरी झाला. बरोबर खर्ऱ्याचा. धर्मेंद्रचं नाव तिथेच बसून पक्क्या हिरव्या पेनानं लिहिलं.

८ जून, रविवार

काल तीस दिवस झाले. दुकानात गर्दी आहे, खरिपाच्या बियाण्याला उचल आहे, तरी तीनला शटर ओढलं आणि धर्मेंद्रच्या मागे बसून तिरोड्याला गेलो. या वेळी लपून नाही.

टिंकूचा ठेला वाटेतच लागतो. टिंकूनं सवयीनं पन्नी घोटायला घेतली होती. माझं तोंड पाण्यानं भरलं. हे लिहायला लाज नाही वाटत. धर्मेंद्रनं गाडी हळू केली नाही, त्याचे उपकार.

व्हरांड्यात तीच सतरंजी, तोच म्हातारा, तोच पाणचट चहा. मी उठलो. हनुवटी वर करावी लागली नाही, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पहिल्यांदाच नीट दिसले. सांगितलं, ‘मी उमेंद्र भोजराज टेंभरे. बापाले दारू होती, मले खर्रा. वान तेच होतं, पिशवी बदलली होती. आज एकतिसावा दिवस हाय. उद्याचं मी काही सांगत नाई.’

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं किटली उचलून माझा कप भरला. धर्मेंद्रनं रुमालात नाक शिंकरलं. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला, गुलाल गेला.

घरी आलो तर साखरपुड्याची बोलणी चालू होती. पुढचा रविवार ठरला. आचल फोनवर तिरोड्याच्या हलवायाला बजावत होती की व्याह्यांसाठी वेगळे पेढे करा, चण्याएवढे, त्याहून मोठे नकोत, बाबांना त्रास होतो.

मी दोन बोटं तोंडात घालून पाहिली. दोन्ही गेली, जरा ताणून. मग फोन तिच्या हातून घेतला आणि हलवायाला म्हटलं, थोडे मोठे चालतील.